सिम लीगमधल्या खेळाडूचा पगार आधीच कसा ओळखायचा

आमच्या बेसबॉल लीगचा सिम, म्हणजे संगणकावर खेळवले जाणारे सामने, न्यूयॉर्कच्या घड्याळानं रात्री नऊला चालतो. म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात सकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. गेल्या ऑफ-सीझनला अशाच एका सकाळी मला एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) मिळाला. वर्षाला ९० लाख डॉलर, चार वर्षं. आमच्याकडे बोल्या बंद पाकिटातल्या असतात आणि निकाल लागला की कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, सगळी पाकिटं उघडून दाखवतो. दुसऱ्या नंबरची बोली ५५ लाखांची होती. दरवर्षी ३५ लाख, चार वर्षांचे एक कोटी चाळीस लाख, मी कुणी न मागता देऊन बसलो होतो. आई म्हणाली, “पैसे खोटे, मग झोप कशाला खरी घालवतोस?” याला उत्तर नव्हतं.

चूक शोधायला बसलो तेव्हा कळलं की माझ्या एक्सेल शीटचं गणित बरोबर होतं. शीटला प्रश्नच चुकीचा विचारला होता. हा खेळाडू माझ्या टीमला किती सामने जिंकून देईल, आणि म्हणून त्याची लायकी किती, हे मी काढलं होतं. बाजारात त्याला काय भाव मिळेल, हे काढलंच नव्हतं. लायकी आणि भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींसाठी वेगळी शीट लागते. हा लेख दुसऱ्या शीटबद्दल आहे.

क्रिकेटवाल्यांना हा फरक सांगायला लागू नये. २०१७ च्या आयपीएल लिलावात पुण्याच्या टीमनं बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं आणि जयदेव उनाडकटला ३० लाखांना. उनाडकटनं त्या हंगामात २४ बळी काढले. पुढच्या लिलावात तोच साडेअकरा कोटींना गेला, आणि त्या वर्षी त्याचे बळी निम्म्याहून खाली आले. एका वर्षात गोलंदाज काही अडतीसपट चांगला झाला नव्हता. बाजार मागच्या हंगामाकडे बघत होता. तुमच्या लीगचा बाजार कशाकडे बघतो, हे शोधून काढणं म्हणजे पगाराचा अंदाज.

ज्यांनी असली लीग पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सामने सॉफ्टवेअर खेळतं. आपण टीमचे मालक, खेळाडू घ्यायचे, विकायचे, करार करायचे. बाकीच्या टीमांचे मालक जगभर पसरलेली आपल्यासारखीच रिकामटेकडी माणसं असतात.

आधी वाड्यातले भाडेकरू वेगळे काढा

समजा कुणी तुम्हाला विचारलं, सदाशिव पेठेत दोन खोल्यांना भाडं किती पडतं? तुम्ही पेठेतल्या सगळ्या भाड्यांची सरासरी काढलीत, तर त्यात जुन्या वाड्यांतले भाडेकरूही येतील. त्यांचं महिन्याचं भाडं आपल्या चहाच्या बिलाएवढं असतं, कारण ते बाजारानं ठरलेलं नाही, कायद्यानं धरून ठेवलेलं आहे. त्या सरासरीच्या भावात तुम्हाला पेठेत उभं राहायलाही जागा मिळणार नाही.

बेसबॉलमध्ये नेमकं हेच आहे. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये १७२ दिवस टीमबरोबर राहिलं की सेवेचं एक वर्ष धरतात. पहिली तीन वर्षं खेळाडू टीमच्या मुठीत असतो आणि किमान पगाराच्या आसपास खेळतो. २०२५ साठी हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. तिसऱ्यानंतर सहाव्यापर्यंत आर्बिट्रेशन, म्हणजे पटलं नाही तर लवादाकडे जायचं. दोन ते तीन वर्षांच्या मधल्या खेळाडूंपैकी सेवेच्या दिवसांत वरचे २२ टक्के एक वर्ष आधीच आर्बिट्रेशनला पात्र होतात. त्यांना सुपर टू म्हणतात. सहा वर्षं झाली की फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा. ही मोकळीकही १९७५ सालच्या डिसेंबरात मिळाली, पीटर साइट्झ या लवादानं मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, बाजूनं निकाल दिला तेव्हा. त्याआधी टीमला वाटेल तोवर ती खेळाडूला बांधून ठेवू शकत असे.

बहुतेक सिम लीग हाच साचा उचलतात, पण आकडे बदलतात. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या लीगची नियमावली काढून तीन ओळी लिहून ठेवणं: किमान पगार किती, आर्बिट्रेशन कधी लागतं, फ्री एजंट कधी होतो. मग यादीतल्या प्रत्येक खेळाडूपुढे एक रकाना भरा: बांधील, आर्बिट्रेशन, मोकळा. इथून पुढे हे तीन गट कधीही एकत्र मोजायचे नाहीत.

याचा फरक किती पडतो ते एका मनातल्या लीगवर बघा. वॉर नावाचं एक माप आहे. सहज मिळणाऱ्या पर्यायी खेळाडूपेक्षा हा किती जास्तीचे विजय देतो, तो आकडा. पर्यायी खेळाडूंचीच पूर्ण टीम केली तर ती साधारण २९.४ टक्के सामने जिंकेल असं धरतात, म्हणजे १६२ पैकी ४८. आता १६ टीमा घ्या. हंगामात १,२९६ सामने, तेवढेच विजय. त्यातले ७६२ पर्यायी खेळाडूंनीही मिळवले असते, तेव्हा वाटायला ५३४ वॉर उरले.

समजा प्रत्येक टीम पगारावर ८ कोटी डॉलर खर्च करते, एकूण १२८ कोटी. टीमला २६ खेळाडू, किमान पगार ५ लाख. तो सगळ्यांना द्यावाच लागतो, त्याचे २० कोटी ८० लाख गेले. राहिले १०७ कोटी २० लाख. भागिले ५३४. एका वॉरचा भाव आला २० लाख.

हा आकडा म्हणजे वाड्यासकट काढलेली पेठेची सरासरी. आता गट पाडा. समजा बांधील पोरं २०० वॉर देतात आणि किमान पगाराच्या वर काही घेत नाहीत. आर्बिट्रेशनवाले १३४ वॉर देतात, बाजाराच्या निम्म्या भावात. उरलेले २०० मोकळ्यांचे, पूर्ण भावात. म्हणजे १०७ कोटी २० लाख डॉलर भागायचे २०० अधिक ६७, म्हणजे २६७ नं. एका वॉरचा भाव ४० लाख. बरोबर दुप्पट. जो मालक २० लाखांच्या हिशेबानं बोली लावतो त्याला मोकळा खेळाडू कधीच मिळत नाही, आणि तो वर्षभर चॅटवर ‘बाजार चढलाय’ म्हणून रडत बसतो.

आर्बिट्रेशनवाल्याला वेगळं सूत्र लागतं. तो म्हणजे हिंजवडीतला नोकरी न बदलणारा माणूस. पगार वाढतो, पण गेल्या वर्षीच्या पगारावर टक्के चढवून. अमेरिकेत जुना ठोकताळा असा, की आर्बिट्रेशनच्या तीन वर्षांत बाजारभावाच्या अनुक्रमे ४०, ६० आणि ८० टक्के मिळतात. तुमच्या लीगचे टक्के तुम्ही मागच्या दोन-तीन वर्षांवरून काढा. तिथल्या लवादांची नजर होम रन, आरबीआय (फलंदाजाच्या फटक्यावर आलेल्या धावा), सेव्ह (पिचरनं शेवटी टिकवलेली आघाडी) असल्या जुन्या आकड्यांवर असते हेही लक्षात ठेवा. या गटासाठी गेल्या वर्षीचा पगार आणि हे दोन-तीन जुने आकडे एवढ्यावर काम भागतं. बांधील गटाला तर सूत्रच नको, किमान पगार लिहा आणि पुढे चला. बाकी सगळं डोकं मोकळ्यांसाठी राखून ठेवा.

एक ओळ म्हणजे एक करार

इथे बहुतेकजण घसरतात, मीही घसरलो. सॉफ्टवेअरमधून खेळाडूंची सीएसव्ही फाइल उतरवली की प्रत्येक ओळीत खेळाडू, त्याचे यंदाचे आकडे आणि यंदाचा पगार असतो. हात शिवशिवतात. आकडे एका बाजूला, पगार दुसऱ्या बाजूला, लावा सूत्र.

पण ३४ वर्षांचा जो पिचर यंदा सव्वा कोटी घेऊन मार खातोय, त्याचा करार तो तिशीत भरात असताना झालेला आहे. यंदाच्या वाईट आकड्यांपुढे तो सव्वा कोटी ठेवला की शीट शिकते, वाईट पिचरला पैसे चांगले मिळतात. असे दहा-बारा म्हातारे शीटमध्ये असले की वयाचा गुणक (सूत्रात वयाला मिळणारं वजन) उलटा येतो, आणि तुम्ही म्हणता सॉफ्टवेअर बिघडलंय.

म्हणून ओळ खेळाडूची नको, कराराची हवी. करार झाला त्या दिवशी काय परिस्थिती होती, तेवढंच त्या ओळीत यावं. माझ्या शीटचे रकाने असे: कराराचं वर्ष, त्या दिवशीचं वय, मैदानावरची जागा, आधीच्या तीन हंगामांचे आकडे, त्या दिवशीचं रेटिंग, किती वर्षं, एकूण रक्कम, वर्षाची सरासरी. अंदाज शेवटच्या रकान्याचा बांधायचा. करार किती वर्षांचा होईल हा वेगळा प्रश्न आहे आणि तो बराचसा वयावरच सुटतो.

रेटिंगबाबत एक सापळा आहे. सॉफ्टवेअर आज जे रेटिंग दाखवतं ते आजचं. दोन वर्षांपूर्वीच्या करारापुढे ते चिकटवलंत, तर शीटला भविष्य आधीच सांगून टाकलंत. मग मागच्या करारांवर अंदाज झकास जुळतो आणि पुढच्या करारांवर तोंडावर पडतो. उपाय कंटाळवाणा आहे: दर हंगाम संपला की, फ्री एजंटांचा बाजार उघडायच्या आधी, पूर्ण फाइल उतरवून तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. मागची फाइल नसेल तर लीगमधल्या एखाद्या जुन्या मालकाकडे मागा. प्रत्येक लीगमध्ये काहीही न फेकणारा एक जण असतोच.

पैशाचं माप सारखं करून घेणं एका ओळीचं काम आहे. बजेटं दरवर्षी वाढतात, म्हणून पगार डॉलरमध्ये न ठेवता त्या वर्षीच्या सर्व टीमांच्या एकूण पगारखर्चाचा हिस्सा म्हणून ठेवा. शेवटी उत्तर हवं तेव्हा यंदाच्या एकूण रकमेनं गुणायचं.

खेळाडू आहे कसा

एका हंगामाच्या आकड्यांवर जाऊ नका, उनाडकट आठवा. टॉम टँगो या अभ्यासकानं एक पद्धत केली आहे, माकडालाही जमेल इतकी सोपी, म्हणून तिला एका माकडाचंच नाव दिलंय, मार्सेल. फलंदाजाच्या गेल्या तीन हंगामांना अलीकडून मागे ५, ४, ३ असं वजन द्यायचं. मग त्याला लीगच्या सरासरीकडे थोडं खेचायचं, १,२०० पाळ्यांच्या वजनानं. समजा त्याच्या पाळ्या (प्लेट अपिअरन्स) ६००, ५५० आणि ४०० आहेत. वजन लावून ३,०००, २,२०० आणि १,२००, बेरीज ६,४००. भागिले ७,६००, म्हणजे ८४ टक्के. त्याच्या स्वतःच्या आकड्यांना ८४ टक्के वजन, उरलेले १६ टक्के लीगची सरासरी. पोरगा एकच अर्धा हंगाम खेळला असेल, तीनशे पाळ्या, तर त्याच्या वाट्याला १,५०० भागिले २,७००, म्हणजे ५६ टक्केच येतात. कितीही होम रन मारले असले तरी. वयाची दुरुस्ती २९ भोवती: त्याआधीच्या प्रत्येक वर्षाला ०.६ टक्के वर, नंतरच्या प्रत्येक वर्षाला ०.३ टक्के खाली.

इथे कुणीतरी म्हणेल, सिममध्ये खेळाडू म्हणजे त्याचं रेटिंग, आकडे हा नुसता फाशांचा खेळ. मग आकडे कशाला? लायकी काढताना मुद्दा अगदी बरोबर आहे. भाव मात्र माणसं ठरवतात, आणि माणसं ४० होम रन बघून हुरळतात. शिवाय रेटिंग प्रत्येक मालकाला त्याच्या स्काउटच्या, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याच्या, चष्म्यातून दिसतं, सगळ्यांना सारखं दिसत नाही. म्हणून दोन्ही रकाने घ्या, रेटिंग आणि मार्सेल. आपल्या लीगमध्ये कशाचा गुणक मोठा येतो त्यावरून मालक कसे आहेत ते कळतं. माझ्या लीगमध्ये पिचरांना रेटिंगवर पैसे मिळतात आणि फलंदाजांना आकड्यांवर. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

सूत्र लावताना

थेट रिग्रेशनकडे (जुन्या आकड्यांवर सूत्र बसवण्याच्या पद्धतीकडे) न धावता आधी हातानं एक झाड काढा: खेळाडू कोणत्या एका प्रश्नानं सगळ्यात स्वच्छ दोन गटांत पडतात? संख्याशास्त्र शिकवताना १९८७ सालच्या पगारांची हिटर्स नावाची एक यादी जगभर वापरतात, ३२२ फलंदाजांची. त्यातल्या ५९ जणांचा पगारच नोंदलेला नाही, उरतात २६३. त्यांचं झाड काढलं की पहिला प्रश्न हिटचा येत नाही. येतो वर्षांचा: लीगमध्ये साडेचार वर्षांहून कमी की जास्त? कमीवाल्यांचा पगार साधारण १ लाख ६५ हजार डॉलर, मग ते कसेही खेळोत. जास्तवाल्यांमध्ये मग हिट विचारायचे: ११७ पर्यंतवाल्यांना ४ लाखांच्या आसपास, त्यावर साडेआठ लाखांच्या जवळ. वाडा आधी, खेळ मागाहून.

त्या यादीची दुसरी गंमत शिकवणारे सहसा सांगत नाहीत. १९८५ ते १९८७ या काळात टीमांच्या मालकांनी संगनमत करून दुसऱ्यांचे फ्री एजंट घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. ते पुढे सिद्ध झालं आणि १९९० मध्ये खेळाडूंना २८ कोटी डॉलर भरपाई देऊन मिटलं. म्हणजे ज्या यादीवरून आपण ‘पगार कशानं ठरतो’ ते शिकतो, ती बाजार दाबून धरलेल्या वर्षांतली आहे. तुमच्या लीगमध्ये एखाद्या वर्षी निम्मे मालक गायब असतील, किंवा नवा कमिशनर येऊन बजेटं कापली असतील, तर ते वर्ष शीटमधून काढा किंवा त्याला खूण करा.

आता रिग्रेशन. पगाराचा आधी लॉग (लॉगॅरिदम) घ्या. कारण साधं आहे: सहा लाखांच्या खेळाडूत पाच लाखांची चूक म्हणजे अंदाज कचऱ्यात, दोन कोटींच्या खेळाडूत तीच चूक कुणी विचारतही नाही. लॉग घेतला की चूक टक्क्यांत मोजली जाते. एक्सेलचं लिनेस्ट हे फंक्शन पुरतं, पायथन येत असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. रकाने मात्र मोजून घ्या. एका करारामागे नको, दहा-पंधरा करारांमागे एक रकाना. ६० करार हाताशी असतील तर चार-पाच रकाने: मार्सेल, रेटिंग, वय, जागा. बस. जागेचा रकाना घेताना हे बघा की तुमचं मार्सेल वॉरमध्ये आहे का. वॉरमध्ये कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) आणि शॉर्टस्टॉपला जागेचे जादा गुण आधीच दिलेले असतात आणि फर्स्ट बेसवाल्याचे कापलेले असतात. पुन्हा दिलेत तर दोनदा दिले.

गुणक वाचायची रीत: कॅचर या रकान्याचा गुणक ०.२५ आला, तर बाकी सगळं सारखं असताना कॅचरला २८ टक्के जास्त मिळतात. पंचवीस नाही, अठ्ठावीस. आणि लॉग उलटा फिरवून मिळणारा पगार हा मधला (अर्धे वर, अर्धे खाली) असतो, सरासरी नसते. एका खेळाडूवर बोली लावायला मधला चालतो. पुढच्या वर्षी अख्ख्या टीमचा खर्च किती येईल ही बेरीज करताना मात्र तो कमी पडतो. शीटमधल्या प्रत्येक चुकीचा, म्हणजे लॉगमधल्या फरकाचा, लॉग उलटा फिरवा (एक्सेलचं EXP), त्यांची सरासरी घ्या आणि बेरजेला त्यानं गुणा. चुकांचं प्रमाण विचलन ०.४ असेल तर हा आकडा १.०८ च्या आसपास येतो. आठ टक्के. लग्जरी टॅक्सच्या (ठरल्यापेक्षा जास्त पगारखर्चावरच्या कराच्या) रेघेवर बसलेल्या टीमला तेवढे पुरे होतात.

मागचं वर्ष झाकून बघा

शेवटचा ऑफ-सीझन बाजूला ठेवा, आधीच्यांवर सूत्र बसवा आणि झाकलेल्या वर्षाचे पगार ओळखा. करार पिसून कुठलेही वीस झाकू नका. तसं केलं तर सिममधल्या २०३१ चा करार २०२९ च्या कराराला शिकवतो. बरोबर एक मूर्ख अंदाजही ठेवा, ‘त्या जागेच्या खेळाडूंचा मागच्या वर्षीचा मधला पगार’ एवढाच. तुमचं सूत्र त्याला हरवत नसेल तर रात्री फुकट गेल्या.

मग चुकांच्या यादीतली वरची पाच नावं घेऊन एकेकाचा इतिहास वाचा. हे काम मला सगळ्यात आवडतं. माझ्या पाचांत तीन कॅचर होते, तिघांनाही मी ओळखला त्याहून बराच जास्त पैसा मिळाला होता. जागेचा गुणक तर घातलेला होता. जुन्या बातम्या चाळल्यावर दिसलं की त्या वर्षी दोन टीमांचे पहिले कॅचर दुखापतीनं हंगामभरासाठी गेले होते, एक निवृत्त झाला होता, आणि बाजारात धड कॅचर तिघेच. भाव खेळाडूत नव्हता, टंचाईत होता. तेव्हापासून शीटमध्ये एक रकाना वाढला: या जागेवर किती टीमांना माणूस हवाय, वजा बाजारात किती आहेत. तो हातानं भरावा लागतो. सोळा टीमांच्या याद्या बघायला एक रविवार जातो.

त्याच रविवारी प्रत्येक मालकाकडे बजेटात किती जागा शिल्लक आहे तेही लिहून घ्या. ज्याच्याकडे ३० लाखच आहेत तो ५५ लाखांची बोली लावू शकत नाही, त्याला मोजणीतून वगळा. गेल्या वर्षी माझ्या शॉर्टस्टॉपच्या मागे खरे फक्त दोघे होते. हे मला तेव्हा दिसलं असतं.

अंदाजावरून बोली

समजा अंदाज ५० लाखांचा आला आणि झाकलेल्या वर्षात दहापैकी आठ करार २५ टक्क्यांच्या आत बसले होते. म्हणजे भाव ३८ ते ६२ लाखांत कुठेतरी. बंद पाकिटाच्या बोलीत जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला असतो तो, तेव्हा अंदाजापेक्षा बरंच वर जायची इच्छा झाली की आधी स्वतःच्या आकड्यावर संशय घ्या. आता पहिली शीट उघडा, लायकीची. लायकी ४५ निघाली तर ४५ ला थांबा, खेळाडू गेला तर जाऊ दे. लायकी ७० निघाली तरी ७० लावू नका, ५५-५८ लावा. माझे एक कोटी चाळीस लाख तिथेच गेले. खेळाडूचा स्वभाव सॉफ्टवेअर दाखवत असेल तर हावरटपणा आणि जिंकणाऱ्या टीमची ओढ हे दोन बघा. दुसऱ्या प्रकारचा खेळाडू चांगल्या टीमकडे कमी पैशांतही येतो, तळाच्या टीमला मात्र जास्त मागतो.

यंदा मला कॅचर हवा होता. अंदाज ४२ लाख, लायकी ४८. मी ४६ लावले. सकाळी साडेसहाला निकाल आला, तो ४९ ला गेला. दात न घासताच शीट उघडून ओळ भरून टाकली: कॅचर, वय २८, तीन वर्षं, ४९ लाख, टंचाई दोन.